मालकीची खात्री कोण देते? स्थावर मालमत्तेचे व्यवहार आणि सॉलिसिटरचे काम

महाराष्ट्रात नोंदणीकृत खरेदीखत ज्याच्या हाती आहे तो त्या मालमत्तेचा मालक असलाच पाहिजे, असे कायदा मानत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते, आणि नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम ४९ नुसार नोंदणी न झालेल्या अशा दस्ताने मालकी मिळत नाही. तथापि नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याकडे जातो, आणि तो हक्क मुळात होता की नव्हता याचा निवाडा करण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतून आलेल्या के. गोपी विरुद्ध दुय्यम निबंधक या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केली. महसुली नोंदींची स्थितीही याहून वेगळी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण फेरफार मंजूर झाल्याने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून वारंवार सांगितले गेले आहे.

शासन अशा रीतीने नोंदी ठेवते, शुल्क घेते आणि दस्त जपून ठेवते. त्या सगळ्या कागदांवरून मालक कोण ठरतो याचा निष्कर्ष मात्र ते खरेदीदारावर सोडते. हा निष्कर्ष काढणे, तो लेखी देणे आणि त्याला धरून हस्तांतराचा दस्त रचणे हे मालमत्तेच्या व्यवहारातील सॉलिसिटरचे किंवा वकिलाचे काम आहे. जिथे शासन मालकीची हमी देत नाही तिथे या कामाची गरज सर्वाधिक असायला हवी, आणि ती आहेही. तरीही महाराष्ट्रातील सामान्य खरेदीदार बहुतेक वेळा स्वतःचा वकील न नेमता, दुसऱ्या कोणासाठी लिहिलेल्या अभिप्रायावर विसंबून आयुष्यभराची पुंजी गुंतवतो. या विषयाचा आढावा घेताना हीच विसंगती सर्वांत ठळकपणे समोर येते.

सॉलिसिटर हा व्यवसाय मुंबईत आला तो इंग्लंडमधून. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा त्याच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातील मोठे दावे थेट जिथे दाखल होत त्या शाखेत, कामाची दोन भागांत विभागणी झाली: अशिलाला भेटणे, कागद तपासणे व दस्त लिहिणे हे अॅटर्नीचे किंवा सॉलिसिटरचे काम, आणि न्यायालयात बाजू मांडणे हे बॅरिस्टरचे व अॅडव्होकेटचे. १८९४ मध्ये बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही सॉलिसिटरांची संस्था स्थापन झाली. १९७६ च्या दुरुस्तीने अॅडव्होकेट अधिनियमातून अॅटर्नी हा स्वतंत्र वर्ग रद्द झाला, त्यामुळे आज कायद्याच्या दृष्टीने सर्वजण अधिवक्ताच आहेत. परंतु ही संस्था सॉलिसिटरची परीक्षा अजूनही घेते आणि मुंबईच्या मोठ्या जमीन-व्यवहारांत या परीक्षेला अजून मान आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर येथे हेच काम जिल्हा न्यायालयात वकिली करणारे दिवाणी वकील करतात, आणि शेतजमिनीच्या बाबतीत त्यांचे ज्ञान मुंबईच्या सॉलिसिटरपेक्षा पुष्कळदा अधिक खोल असते, कारण इनाम, कूळ आणि वाटप यांचे वाद त्यांनी न्यायालयात प्रत्यक्ष लढवलेले असतात. म्हणून या लेखात सॉलिसिटर हा शब्द पदवीच्या अर्थाने न वापरता कामाच्या अर्थाने वापरला आहे.

इंग्लंडमधून मुंबईत काय आले आणि काय आले नाही, हे पाहणे उपयोगी आहे. मालकीचा शोध, विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारण्याची पद्धत आणि दस्ताची भाषा हे सारे आले. तिथे मात्र १८६२ मध्ये सुरू झालेली भूनोंदणी हळूहळू विस्तारत जाऊन १९९० च्या डिसेंबरपासून संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये सक्तीची झाली, आणि २००२ च्या भूनोंदणी कायद्यानुसार नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक ठरतो व नोंदवहीतील चुकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई शासन देते. ही हमी इथे आली नाही. तिथे खरेदीदार आणि विक्रेता यांचे सॉलिसिटर सहसा वेगळे असतात, रक्कम त्यांच्या स्वतंत्र अशील-खात्यातून जाते आणि व्यावसायिक चुकीसाठी विमा उतरवणे त्यांना बंधनकारक असते. १९८५ च्या कायद्याने परवानाधारक कन्व्हेयन्सर हा नवा वर्ग निर्माण झाल्यानंतरही ही चौकट टिकून राहिली. तिची ताकद २०१८ च्या ड्रीमव्हार प्रकरणात दिसली: लंडनमधील एका घराचा विक्रेता तोतया निघाला, पैसे नाहीसे झाले आणि अपील न्यायालयाने नुकसान निष्पाप खरेदीदाराच्या माथी न मारता दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांना जबाबदार धरले. शासनाची हमी असलेल्या देशात व्यावसायिकावर इतकी जबाबदारी आहे, आणि हमी नसलेल्या इथल्या व्यवस्थेत ती जवळजवळ नाही, ही तुलना अस्वस्थ करणारी आहे.

या कामाचा गाभा म्हणजे मालकीचा शोध. व्यवहारात त्याला सर्च म्हणतात आणि त्यावर आधारलेल्या लेखी अभिप्रायाला सर्च अँड टायटल रिपोर्ट. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २, म्हणजे मालमत्तेनुसार लावलेली दस्तांची सूची, मागील तीस वर्षांसाठी पाहण्याची रूढी आहे. या तीस वर्षांना कायद्याचा आधार आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार गहाण सोडवून घेण्याचा दावा तीस वर्षांपर्यंत लावता येतो, शासनाला आपल्या हक्कासाठी तीस वर्षांची मुदत मिळते, आणि पुराव्याच्या कायद्यानुसार योग्य हातांतून आलेला तीस वर्षांपूर्वीचा दस्त खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात गहाण सोडवण्याची मुदत साठ वर्षांची होती, म्हणून जुने सॉलिसिटर साठ वर्षांचा शोध घेत. मोठ्या जमिनीच्या बाबतीत आजही काळजी घेणारे वकील तीस वर्षांवर थांबत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण महाराष्ट्रातील जमिनीचे सर्वांत धोकादायक दोष बहुधा १९४८ ते १९७६ या काळात जन्मलेले असतात आणि तीस वर्षांच्या खिडकीतून ते दिसतच नाहीत.

या दोषांचा पहिला उगम कूळकायदा. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ३२ नुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारी कुळे कायद्यानेच त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. त्यामुळे सातबाराच्या जुन्या उताऱ्यात कुळाचे नाव दिसत असेल, तर त्या कुळाचे पुढे काय झाले, किंमत ठरली का, खरेदीचे प्रमाणपत्र मिळाले का, की खरेदी निष्फळ ठरली, याचा माग फेरफारांतून काढावा लागतो. कुळाला अशी मिळालेली जमीन विकण्यासाठी कलम ४३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत असे; २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असल्यास जमीन महसुलाच्या आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून आणि काही अटी पाळून ती विकता येते. ही रक्कम भरली गेली नसेल, तर खरेदीखत कितीही सुबक असले तरी व्यवहाराचा पाया कच्चा राहतो. याच कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून खरेदीदार शेतकरी आहे हे दाखवणारा कागदही वकिलाला पाहावा लागतो. आणि तो केवळ आजच्या खरेदीदारापुरता नव्हे, तर साखळीतील प्रत्येक खरेदीदाराच्या बाबतीत.

दुसरा उगम जमिनीच्या सत्ताप्रकारात असतो. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरावर शासनाची बंधने आहेत असा अर्थ होतो. इनाम व वतने रद्द करणाऱ्या कायद्यांखाली परत दिलेल्या जमिनी, शासनाने वाटप केलेल्या जमिनी आणि पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी या वर्गात येतात. देवस्थान इनामाच्या जमिनी तर पुजाऱ्याच्या किंवा वहिवाटदाराच्या नावाने विकल्या गेल्याची आणि पुढे वादात सापडल्याची उदाहरणे राज्याच्या सर्व भागांत आढळतात. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींना देण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी व तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. शहरांत नागरी जमीन कमाल धारणा अधिनियम, १९७६ ची सावली अजून आहे: महाराष्ट्राने हा कायदा २९ नोव्हेंबर २००७ पासून मागे घेतला, पण त्यापूर्वी कलम २० खाली अटींवर दिलेल्या सवलतींचा प्रश्न त्याने संपला नाही. नवी मुंबईत सिडको, आणि मुंबईत महानगरपालिका, म्हाडा किंवा जिल्हाधिकारी यांच्या भाडेपट्ट्यावरील जमिनींच्या बाबतीत खरेदीदाराला जमिनीची मालकी मिळत नाही; मिळतो तो भाडेपट्ट्याचा उरलेला हक्क, आणि तोही पूर्वपरवानगी व हस्तांतर शुल्क यांच्या अटीवर. जाहिरातीत हे क्वचितच लिहिलेले असते. सांगण्याची जबाबदारी वकिलाची.

तिसरा उगम कुटुंब हा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायाद मानले, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या २०२० च्या निकालाने त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही असे ठरवले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे आणि हस्तांतरे मात्र अबाधित राहिली. या एका तारखेमुळे वारसांची नावे सातबारावर लावलेल्या प्रत्येक फेरफारात बहिणींची नावे होती का, त्यांनी हक्कसोडपत्र दिले का, ते नोंदवले गेले का, हे पाहणे अटळ झाले आहे. बहिणीची नुसती तोंडी संमती होती किंवा तिने तलाठ्यासमोर जबाब दिला होता एवढ्यावर विसंबून दिलेला निर्वेध मालकीचा अभिप्राय बेजबाबदार ठरतो. हक्कसोड ही गोष्ट बहिणीकडून गृहीत धरण्याची सवय कुटुंबांना असली, तरी वकिलाने ती लावून घेता कामा नये. अज्ञान मुलाचा हिस्सा नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकलेला असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो मुलगा ती विक्री रद्द करून घेऊ शकतो, हाही असाच एक धागा आहे. सदनिकांच्या बाबतीत नामनिर्देशनाचा गैरसमज फार आढळतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या भाग-प्रमाणपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लागले म्हणून ती मालक होत नाही; इतर वारसांचे हक्क कायम राहतात, हे इंद्राणी वाही प्रकरणाच्या २०१६ च्या निकालातूनही स्पष्ट होते, आणि म्हणून अशा विक्रीत सर्व वारसांच्या सह्या घेणे आवश्यक ठरते.

नोंदणीच्या वह्यांतून न दिसणाऱ्या गोष्टींचा भाग याहून अवघड आहे. मालकीचे मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढले, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ नुसार वेगळ्या दस्ताशिवायही गहाण निर्माण होऊ शकते. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करण्याची तरतूद नंतर झाली आणि २०११ पासून सरसाई या केंद्रीय नोंदवहीत बँकांच्या बोजांची माहिती मिळू लागली, पण त्यापूर्वीची आणि खासगी सावकाराकडची गहाणे शोधण्याचा खात्रीचा उपाय एकच: मूळ कागद प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणे. मूळ कागद हरवला आहे असे विक्रेता म्हणत असेल, तर पोलिसांतील तक्रारीची प्रत जोडून पुढे जाणे ही पद्धत रूढ असली तरी वकिलाने तिथे थांबून विचारपूस करायला हवी. प्रलंबित दाव्यांच्या बाबतीत मुंबई इलाख्याची एक स्वतंत्र तरतूद आहे. मालमत्तेविषयी दावा चालू असताना ती विकली गेली तर खरेदीदार त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो, असा त्याच अधिनियमाच्या कलम ५२ चा सर्वसाधारण नियम. परंतु १९३९ च्या मुंबई दुरुस्तीने दाव्याची सूचना नोंदवली गेली असेल तरच हा नियम लागू केला. खरेदीदाराला याने काहीसे संरक्षण मिळते, पण नोंद नसलेला दावा वकिलाला अन्य मार्गाने कळला असेल तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची सबब मात्र मिळत नाही.

प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे हे पाहणेही याच भागात मोडते. त्याच अधिनियमाच्या कलम ३ च्या स्पष्टीकरणानुसार मालमत्तेत प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या हक्काची जाणीव खरेदीदाराला होती असेच मानले जाते, त्यामुळे जागेवर जाऊन भाडेकरू, वहिवाटदार किंवा रस्त्याचा हक्क सांगणारा शेजारी यांची चौकशी न करता कार्यालयात बसून दिलेला अभिप्राय अर्धवट राहतो. वृत्तपत्रांतून, बहुधा एका मराठी व एका इंग्रजी पत्रातून, चौदा-पंधरा दिवसांची मुदत देऊन प्रसिद्ध होणारी जाहीर नोटीस कोणत्याही कायद्याने सक्तीची केलेली नाही. त्या मुदतीत हरकत आली नाही म्हणून खऱ्या मालकाचा हक्क बुडत नाही. तिचा उपयोग दोन प्रकारचा असतो: लपलेला हक्कदार पुढे येण्याची शक्यता वाढते, आणि खरेदीदाराने वाजवी काळजी घेतली होती याचा पुरावा तयार होतो. काही अहवालांत नोटिशीला हरकत न आल्याचा उल्लेख मालकीच्या पुराव्याइतक्याच वजनाने केलेला दिसतो. तो वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

शोधाचीही मर्यादा असते आणि प्रामाणिक अहवालात ती लिहिलेली असते. संगणकीकरणापूर्वीच्या अनेक सूची फाटलेल्या आहेत, काही पाने गहाळ आहेत, काही वर्षांच्या सूची बांधून तयार नसतात. शोध घेणाऱ्याने अमुक वर्षाची पाने फाटलेली होती असे नमूद केले की त्या वर्षापुरता शोध झालाच नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा असतो. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत येणारी ही वाक्ये खरेदीदाराने सर्वांत आधी वाचावीत, आणि वकिलाने ती अशिलाला समोर बसवून समजावून द्यावीत.

शोधानंतर दस्त लिहिण्याचे काम येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये खरेदीदार व विक्रेता यांची परस्पर कर्तव्ये दिलेली आहेत: खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही कळणार नाही असा मालकीतील किंवा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करायचा असतो, मागणी केल्यास कागद दाखवायचे असतात आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. वेगळा करार नसेल तर विक्रीचा अधिकार आपल्याला आहे अशी विक्रेत्याची हमीही कायद्याने गृहीत धरली जाते. कुशल वकील या सामान्य तरतुदींवर न थांबता व्यवहारात सापडलेला विशिष्ट धोका नावानिशी लिहून त्याची भरपाई विक्रेत्यावर टाकतो. छापील नमुन्यातील भरपाईचे कलम जसेच्या तसे उतरवणारा दस्तलेखक ते करू शकत नाही. दस्ताच्या परिशिष्टातील गट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा यांतील एका आकड्याची चूक पुढे चूक-दुरुस्ती दस्ताच्या, आणि विक्रेता हयात नसल्यास थेट न्यायालयाच्या मार्गाने जाते. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि किंमत पन्नास लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदाराने कापायचा एक टक्का आयकर यांचे हिशेब सरळ आहेत, त्यांचा इथे विस्तार करण्याचे कारण नाही.

इसार पावती, साठेखत आणि खरेदीखत या तीन टप्प्यांतील फरक मात्र पुन्हा सांगण्याजोगा आहे. साठेखताने, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराने, मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही असे कलम ५४ स्पष्ट म्हणते, आणि कुलमुखत्यारपत्र व साठेखत यांच्या जोडीने केलेल्या विक्रीने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले. महाराष्ट्रातील सदनिकाधारकांची स्थिती इथे विलक्षण होऊन बसली आहे. त्यांनी बिल्डरशी केलेला करार हा विक्रीचा करार असतो, त्यावर शुल्क मात्र अभिहस्तांतराप्रमाणे भरलेले असते. आणि जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतर बिल्डरने संस्थेच्या नावे करून द्यावे, असे १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याचे कलम ११ सांगत असूनही अनेक दशके असंख्य संस्थांना ते मिळाले नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आले, म्हणजे बिल्डर टाळाटाळ करत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून संस्थेने एकतर्फी अभिहस्तांतर मिळवण्याची सोय झाली. जुन्या इमारतीतील सदनिका विकत घेणाऱ्याच्या वकिलाने हे अभिहस्तांतर झाले आहे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा, कारण पुनर्विकासाच्या वेळी जमीन कोणाची यावरच सगळी गणिते अवलंबून राहतात.

आता मूळ विसंगतीकडे वळता येईल. नव्या प्रकल्पातील सदनिका घेणाऱ्याला टायटल सर्टिफिकेट दाखवले जाते ते बिल्डरच्या सॉलिसिटरने दिलेले असते. रेरा कायद्याखाली महारेराच्या संकेतस्थळावर चढवला जाणारा मालकी अहवालही बिल्डरनेच मिळवलेला असतो. खरेदीदार कर्ज काढतो तेव्हा बँकेच्या पॅनेलवरील वकील कागद तपासतो, त्याचे शुल्क बहुधा खरेदीदाराकडूनच वसूल होते, पण अभिप्राय लिहिला जातो बँकेला उद्देशून आणि बँकेच्या तारणापुरता. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छ, हे समीकरण इतके रुजले आहे की ते चुकीचे आहे असे सांगणाऱ्यालाच शंकेखोर ठरवले जाते. तथापि बँकेच्या दृष्टीने कर्जाची रक्कम वसूल होण्याइतकी मालकी पुरेशी असते, खरेदीदाराला मात्र ती पिढ्यानपिढ्या हवी असते. बँकेकडे कर्जदाराचा पगार असतो, हमीदार असतो. खरेदीदाराकडे त्या घराशिवाय काही नसते. अधिवक्त्याने ज्या बाबतीत एका पक्षाला सल्ला दिला त्याच बाबतीत विरुद्ध पक्षाचे काम करू नये, असा बार कौन्सिलच्या आचारसंहितेतील नियम ३३ आहे, पण खरेदीदाराचा वकीलच नसेल तर हा नियम त्याला काय संरक्षण देणार?

चुकीच्या अभिप्रायाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला आहे. सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या २०१२ च्या प्रकरणात बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने चुकीचा मालकी-अभिप्राय दिल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ निष्काळजीपणाने वकील गुन्हेगारी कटाचा भागीदार ठरत नाही, त्यासाठी त्याचा सहभाग दाखवावा लागेल. ही भूमिका योग्य आहे, प्रत्येक चूक फौजदारी ठरू लागली तर कोणीही अभिप्राय देणार नाही. मात्र १४ मे २०२४ च्या बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या निकालाने वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवल्यानंतर, दुखावलेल्या अशिलाला दिवाणी दावा किंवा बार कौन्सिलकडे तक्रार एवढेच मार्ग उरले. न्यायालयीन वकिली आणि मालकी-अभिप्राय या दोन कामांत एक मोठा फरक आहे: पहिल्याचा निकाल न्यायाधीशाच्या हाती असतो, दुसऱ्यात वकीलच अंतिम शब्द देतो आणि त्या शब्दावर पैसे दिले जातात. अशा कामासाठी तरी व्यावसायिक विमा सक्तीचा करणे हे आजच्या चौकटीतही शक्य आहे आणि ते व्हायला हवे. रेरा कायद्याच्या कलम १८ ने मालकीतील दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी बिल्डरवर, तीही मुदतीची आडकाठी न ठेवता, टाकली आहे. पुनर्विक्रीच्या सदनिकेला किंवा गावाकडच्या प्लॉटला असे कवच नाही.

विक्रेत्याच्या वकिलाचे काम तुलनेने लहान, पण निरर्थक नव्हे. कागद आधी तपासून घेतले तर व्यवहार ऐन वेळी अडत नाही, हप्त्यांची रक्कम मिळेपर्यंत ताबा आणि मूळ कागद कोणाकडे राहतील हे ठरवता येते. अमेरिकेत, आखाती देशांत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याची विशेष गरज भासते, कारण ते बहुधा भावाच्या किंवा मित्राच्या नावे मुखत्यारपत्र पाठवून व्यवहार करतात. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर करावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. खरेदीदाराच्या वकिलाने तर मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती व्यवहाराच्या दिवशी हयात आहे याचीही खात्री करून घ्यावी, कारण सर्वसाधारण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते.

गोव्यात हेच काम वेगळ्या ज्ञानाची मागणी करते. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते, म्हणून विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात, आणि मृत व्यक्तीच्या मालमत्तेचे वाटप न्यायालयातील इन्व्हेंटरी कार्यवाहीतून होते. फॉर्म एक व चौदा हा सातबाराचा समकक्ष उतारा, पोर्तुगीज काळातील भूनोंदणीतील वर्णने आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनींचे अभिलेख एकत्र वाचावे लागतात. मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहणाऱ्यांना, १९७५ च्या कायद्याने दिलेले संरक्षण त्यात मिळवावे लागते. बनावट जुन्या दस्तांच्या आधारे, विशेषतः परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या, जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. मालक दूर असला आणि त्याचा वकील जागेवर नसला की काय होऊ शकते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

शासनानेच मालकीची हमी द्यावी, म्हणजे वकिलाच्या शोधावरील भार हलका होईल, असा विचार भारतात अनेक वर्षे चालू आहे. ही कल्पना रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात अमलात आणली. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींपुरता कायदा केला. आंध्र प्रदेशाने २०२२ चा व्यापक कायदा केला, पण मालकीचे वाद आधी न्यायालयांऐवजी महसुली अधिकाऱ्यांपुढे जातील या भीतीने त्याला तीव्र विरोध झाला आणि २०२४ मध्ये तो रद्द झाला. या विरोधात राजकारण होते, तरी ती भीती पोकळ नव्हती. ज्या नोंदींत अजून मृतांची नावे आहेत, बहिणींची नावे नाहीत आणि मोजणी प्रत्यक्ष बांधाशी जुळत नाही, त्या नोंदींनाच एका रात्रीत अंतिम ठरवले, तर जुन्या चुकाच शासनाच्या शिक्क्याने पक्क्या होतील. आधी नोंदी दुरुस्त व्हाव्या लागतील, आणि त्याला दशके लागतील.

तोपर्यंत करता येण्याजोगी गोष्ट वेळेची आहे. आजच्या रूढीत खरेदीदार जागा पाहतो, भाव ठरवतो, एजंटच्या घाईने इसार देतो आणि नंतर, करारावर सही करायच्या आदल्या आठवड्यात, कागद वकिलाकडे नेतो. तोवर इसाराची रक्कम अडकलेली असते आणि वकिलाने दोष दाखवला तरी खरेदीदाराचे मन तो ऐकायला तयार नसते. इसार पावतीतच मालकीचा शोध समाधानकारक ठरल्यास व्यवहार पुढे जाईल, अन्यथा रक्कम ठरलेल्या दिवसांत बिनव्याजी परत मिळेल, अशी दोन ओळींची अट घालता येते, आणि ती घालण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याविषयी खरेदीदाराला त्या नकारातूनच बरेच काही कळते. पुढच्या पायरीवर अभिप्राय खरेदीदाराच्या नावाने, त्याच्या मालमत्तेच्या नेमक्या वर्णनासह आणि न सापडलेल्या गोष्टींच्या स्पष्ट यादीसह लेखी मागता येतो. घराच्या किमतीच्या आणि मुद्रांक शुल्काच्या तुलनेत या कामाचा खर्च नगण्य असतो, आणि एजंटची दलाली तर बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी पट असते.